प्रतिसाद रेणूचा की नळीचा: फळमाशीच्या गंधकेसावरच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

कामाची व्याप्ती ठरली. फळमाशीच्या (ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर) स्पर्शिकेवरच्या एकेका गंधकेसात, म्हणजे सेन्सिलममध्ये, टंगस्टनची सुई घालायची आणि आतल्या चेतापेशींचे स्पाइक, म्हणजे विजेचे क्षणिक ठोके, मोजायचे. त्यातला किती भाग वास पकडणाऱ्या रिसेप्टर रेणूचा आणि किती आपल्याच हवेच्या नळ्यांचा, हे वेगळे काढायचे. तपासण्या तीन: ओआर२२ए या रिसेप्टरचा मात्रेनुसार प्रतिसाद, ऑर्को हे त्याच्या जोडीचे प्रथिन नसलेल्या माशीत काय उरते, आणि रिकाम्या केलेल्या पेशीत परका रिसेप्टर बसवला तर पेशीचा वास बदलतो का.

नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी थोडक्यात. माशीची दोन नाके: स्पर्शिकेचा तिसरा खंड आणि तोंडाजवळचा मॅक्सिलरी पाल्प. एका स्पर्शिकेत सुमारे १२०० गंधपेशी, एका पाल्पमध्ये सुमारे १२०. ओआर कुळातली जनुके ६०, त्यांपासून बनणारे रिसेप्टर ६२. ही जनुके १९९९ मध्ये सापडली. बहुतेक पेशींत एक ओआर आणि त्याच्या जोडीला ऑर्को हे सामाईक प्रथिन. रिसेप्टरांचे आयआर कुळ (२००९) वेगळे, ते मुख्यतः आम्ले आणि अमाइन हुंगते. कार्बन डायऑक्साइडसाठी जीआर२१ए आणि जीआर६३ए ही जोडी. ती स्वादाच्या रिसेप्टरांच्या कुळातली, पण राहते नाकात.

साठे चार: कँटन-एस (सामान्य माशी), ऑर्को म्युटंट (ऑर्को नसलेली), डेल्टा-हेलो/सायओ (तिसऱ्या गुणसूत्रावर ओआर२२ए-गॅल४) आणि डेल्टा-हेलो/सायओ (तिसऱ्यावर यूएएस-ओआर८२ए). डेल्टा-हेलो म्हणजे ओआर२२ए कापून काढलेले दुसरे गुणसूत्र, सायओ म्हणजे पंख वळवणारे त्याच्या जोडीचे गुणसूत्र. गॅल४ हा चालक, यूएएस ही त्याची कळ: ज्या पेशीत गॅल४ असेल तिथेच यूएएसला जोडलेले जनुक चालू होते. तापमान २५ अंश, आर्द्रता ६० ते ७० टक्के, १२ तास उजेड. मोजणीसाठी ४ ते ८ दिवसांच्या माद्या. खाद्यात बुरशी टाळायला प्रोपिओनिक आम्ल असते, त्यामुळे आयआरच्या चाचणीआधी माश्या किमान काही तास साध्या अगारवर ठेवायच्या. माश्या गुंगवायला कार्बन डायऑक्साइड वापरायचा नाही, बर्फ वापरायचा. ज्या वायूचा रिसेप्टर मोजायचा त्याच वायूत माशीला आधी बुडवण्यात अर्थ नाही.

७ जानेवारी

मांडणी. कंपनरोधक टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, ५० पट लांब अंतराचे हवेतले ऑब्जेक्टिव्ह, दोन मायक्रोमॅनिप्युलेटर. बाहेरचा विद्युत गोंगाट अडवायला भोवती जाळीचा फॅरेडे पिंजरा.

पहिल्या तासाभरात आधाररेषेवर वीजपुरवठ्याचा गुणगुणाट. पिंजरा, टेबल, सूक्ष्मदर्शक आणि मॅनिप्युलेटर यांच्या अर्थिंगच्या तारा साखळीसारख्या एकातून एक गेल्या होत्या. सगळ्या सोडवून एकाच तांब्याच्या पट्टीवर स्वतंत्रपणे आणल्या. गुणगुणाट बराच उतरला. उरलेला दिव्याच्या वीजपुरवठ्यातून येत होता. तो डबा पिंजऱ्याबाहेर नेला आणि प्रकाश फायबरने आत आणला. आता स्पाइक आणि गोंगाट यांत डोळ्यांना फरक दिसायला हरकत नाही.

फिल्टर ३०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ, नमुनादर १० किलोहर्ट्झ. न गाळलेला सिग्नलही शेजारच्या चॅनेलवर साठवायचा. पुढे फिल्टर बदलावासा वाटला तर कच्चा माल हातात हवा.

९ जानेवारी

सुया. ०.१ मिलिमीटर टंगस्टन तार, १० टक्के पोटॅशियम नायट्राइटच्या द्रावणात विद्युत-झिजवणी, समोर कार्बनची कांडी. नायट्राइट विषारी, हातमोजे घालूनच. तार एकदा बुडवून तशीच ठेवली तर टोक पेन्सिलीसारखे बोथट होते. वरखाली बुडवत राहिले की लांब निमुळते टोक येते: आधी सुमारे ३ मिलिमीटर भाग वेगाने, मग शेवटचा अर्धा मिलिमीटर कमी व्होल्टवर सावकाश. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये धुणे.

टोक सुमारे एक मायक्रॉनचे हवे. त्याहून जाड सुई गंधकेसाच्या बुडाशी नुसती टेकते आणि केस वाकतो. फार बारीक सुई आत जाते, पण पहिल्या धक्क्याला टोक वळते. ४०० पटींखाली टोकाशी आकड्यासारखी सावली दिसली तर सुई टाकून द्यायची. अशा सुईवर दुसऱ्यांदा झिजवणी करणे हा वेळेचा अपव्यय आहे.

१२ जानेवारी

माशी बसवणे. सगळ्या कामातला हा सर्वांत कौशल्याचा भाग, आणि लिखित पद्धतींत यालाच सर्वांत कमी जागा मिळते.

२०० मायक्रोलिटरच्या पिपेट टिपेत माशी डोके पुढे करून सोडायची आणि मागून हवेचा हलका दाब द्यायचा. डोके आणि स्पर्शिका टोकाबाहेर आल्या की थांबायचे. टिपेचे टोक ब्लेडने एवढेच कापायचे की डोके बाहेर येईल पण खांदे अडकतील. भोक एक केसभर मोठे झाले तरी पुढचे पाय बाहेर येतात आणि माशी स्पर्शिका झाडू लागते. मागे मेण किंवा मऊ मातीचा बोळा, म्हणजे ती मागे सरकत नाही.

टिप काचपट्टीवर मेणाने तिरकी बसवायची, स्पर्शिका कव्हरस्लिपच्या कडेवर टेकवायची. मग ओढलेल्या काचेच्या केशनलिकेने दुसरा आणि तिसरा खंड यांमधल्या खाचेत हलके दाबायचे. दाब दुसऱ्या खंडावर हवा. तिसऱ्यावर दाबले तर लसीका, म्हणजे आतला द्रव, बाहेर येते, स्पर्शिका चमकते आणि अर्ध्या तासात स्पाइक मावळतात. बसवणी बरोबर जमली की तिसरा खंड श्वासागणिक हलत नाही आणि त्याची आतली कड वर येते. मोठे बेसिकॉनिक, म्हणजे जाड आणि बोथट, केस (प्रकार एबी१, एबी२, एबी३) तिथेच दाटीने असतात. ट्रायकॉइड, म्हणजे लांब टोकदार केस, बाहेरच्या आणि टोकाकडच्या बाजूला.

संदर्भ सुई डोळ्यात, मोजणीची सुई केसाच्या बुडाशी.

१५ जानेवारी

पहिले स्वच्छ स्पाइक. सुई केसाला टेकली की आधाररेषा जराशी उचलते. मग मॅनिप्युलेटर एका टिचकीने पुढे नेला की दोन उंचींचे स्पाइक उमटतात. उंच ते ए पेशीचे, ठेंगणे ते बी पेशीचे.

केस कोणता हे दिसण्यावरून ठरवायचे नाही, वासावरून ठरवायचे. ओळख अशी:

एबी१: चार पेशी. एथिल ॲसिटेटला ए (ओआर४२बी), डायॲसिटिलला बी (ओआर९२ए), कार्बन डायऑक्साइडला सी, मिथिल सॅलिसिलेटला डी (ओआर१०ए).
एबी२: मिथिल ॲसिटेटला ए (ओआर५९बी), एथिल ३-हायड्रॉक्सिब्युटिरेटला बी (ओआर८५ए).
एबी३: एथिल हेक्झानोएटला ए (ओआर२२ए), २-हेप्टानोनला बी (ओआर८५बी).

एबी१ ओळखायला बाटलीसुद्धा लागत नाही. काम करणाऱ्याने सूक्ष्मदर्शकावर वाकून श्वास सोडला की सी पेशी तडतडते. सोय आहे आणि संकटही: एबी१ वर मोजणी चालू असताना तोंड वळवून श्वास घ्यावा, नाहीतर प्रत्येक नोंदीत मोजणाऱ्याचे फुप्फुस मिसळते. चार पेशींचे स्पाइक उंचीवरून वेगळे काढण्याचा हट्ट धरायचा नाही. सी कसाबसा ओळखता येतो, बाकीचे तिघे एकमेकांत मिसळतात.

१८ जानेवारी

क्रॉस, म्हणजे माश्यांचे संकर, लावले. दोन्ही बाजूंनी डेल्टा-हेलो/सायओ, एकीकडे तिसऱ्या गुणसूत्रावर ओआर२२ए-गॅल४, दुसरीकडे यूएएस-ओआर८२ए, दोन्ही समयुग्मजी. सायओच्या दोन प्रती असलेली पिले जगत नाहीत. त्यामुळे उरलेल्यांत दर तीन माश्यांमागे एक सरळ पंखांची, आणि हवी तीच. वळलेल्या पंखांच्या माश्यांत डेल्टा-हेलोची एकच प्रत असते, म्हणजे ओआर२२ए अजून शाबूत आहे. पंख पाहायला माशी पुरेशी वाळलेली हवी. नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचे पंख सगळ्यांचेच चुरगळलेले असतात.

१९ जानेवारी

वासांची द्रावणे. काचेच्या कुप्या, टेफ्लॉन अस्तराची झाकणे, द्रावक पॅराफिन तेल. पहिली पायरी १:१०० (१० मायक्रोलिटर रसायन, ९९० तेल), पुढे दर वेळी १०० मायक्रोलिटर आणि ९०० तेल. तेल दाट असल्यामुळे मायक्रोपिपेटच्या टिपेत थर राहतो आणि पाच पायऱ्यांत ती चूक साठत जाते. टिपेचे टोक थोडे कापून, दट्ट्या सावकाश ओढून, सोडल्यावर तीन सेकंद थांबून काम केले. शेवटी वजनाने पडताळले.

आम्लांसाठी द्रावक पाणी.

एक सूचना वहीच्या पहिल्या पानावरही लिहिली आहे: १:१०० हे द्रवातले प्रमाण, हवेतले नव्हे. एथिल ॲसिटेट आणि जेरानिल ॲसिटेट यांच्या बाष्पदाबात हजार पटींहून जास्त फरक आहे. दोन रसायनांचे '१:१००' शेजारी ठेवून एक रिसेप्टर दुसऱ्यापेक्षा संवेदनक्षम म्हणणे चूक आहे. सगळे करतात, तरीही चूक आहे.

२१ जानेवारी

हवेचा प्रवाह. कोळशातून गाळलेली, पाण्यातून बुडबुडवलेली हवा १.५ लिटर प्रतिमिनिट. काचनळीचा आतला व्यास ७ मिलिमीटर, तोंड स्पर्शिकेपासून १० मिलिमीटर. वास पाश्चर पिपेटमध्ये: गाळणकागदाचा तुकडा, त्यावर १० मायक्रोलिटर द्रावण. पिपेटचे टोक काचनळीच्या भोकात. झोत ५०० मिलिसेकंद, ०.५ लिटर प्रतिमिनिट.

पहिली अडचण: रिकाम्या पिपेटचा झोत दिला तरी आधाररेषा हलते. झोताने एकूण प्रवाह १.५ वरून २ लिटरवर जातो आणि त्या धक्क्याने सुई केसात हलते. उपाय, भरपाईचा प्रवाह: एरवी ०.५ लिटर दुसऱ्या रिकाम्या पिपेटमधून चालू, आणि झोताच्या वेळी त्रिमुखी व्हॉल्व्ह तोच प्रवाह वासाच्या पिपेटकडे वळवतो. बेरीज सतत २ लिटर. धक्का गेला. व्हॉल्व्ह उघडताना एक तीक्ष्ण विद्युत टोक अजून दिसते. ते एकाच नमुन्याएवढे अरुंद आहे आणि कधीही स्पाइकच्या आकाराचे नसते.

दुसरी: उशीर. भोक तोंडापासून १३ सेंटिमीटर मागे. ७ मिलिमीटर नळीचे छेदक्षेत्र सुमारे ०.३८५ चौरस सेंटिमीटर, २ लिटर प्रतिमिनिट म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे ८७ सेंटिमीटर. हिशेबाने वास १५० मिलिसेकंदांनी पोचायला हवा. स्पर्शिकेच्या जागी फोटोआयनायझेशन डिटेक्टर (दिव्याने वाफेचे आयन करून तिचे प्रमाण मोजणारे यंत्र) ठेवून मोजले तर सुरुवात ११० च्या आसपास, आणि शेपूट मात्र झोत संपल्यावर कितीतरी वेळ लोंबकळते. कारण साधे आहे. प्रवाह स्तरीय आहे. नळीच्या मधोमध हवा सरासरीहून वेगाने धावते, काठाजवळ जवळपास थबकते. मधली हवा वास लवकर आणते, काठाची हवा तो उशिरापर्यंत सोडत राहते. ही शेपूट पेशीच्या नोंदीत 'दीर्घ प्रतिसाद' म्हणून दिसेल आणि रिसेप्टर हळू बंद होतो असा निष्कर्ष कागदावर चढेल.

भोक ४ सेंटिमीटरवर आणले. उशीर आणि शेपूट दोन्ही आखडले. आता प्रत्येक रसायनाची डिटेक्टर नोंद पेशीच्या नोंदीशेजारी ठेवायची. कार्बन डायऑक्साइडसाठी हा डिटेक्टर निरुपयोगी, दिव्याची ऊर्जा त्या रेणूचे आयनीकरण करायला पुरत नाही.

२४ जानेवारी

एबी३ वर नुसत्या पॅराफिन तेलालाही ए पेशी प्रतिसाद देते. लहान पण पुन्हापुन्हा, आणि झोताशी वेळ जुळवून. असे असेल तर मात्रेची मालिका सुरू करता येत नाही, कारण सर्वांत पातळ द्रावणाचा प्रतिसाद आणि तेलाचा प्रतिसाद यांत फरक करता येणार नाही.

क्रमाने काढून पाहिले. नवे तेल, नवी कुपी: प्रतिसाद तसाच. कागद नाही, तेल नाही, नुसती नवी पिपेट: तसाच. पिपेटच नाही, व्हॉल्व्ह मोकळा: अजूनही थोडा. म्हणजे वास पिपेटच्या मागून येतो आहे.

२५ जानेवारी

गुन्हेगार सापडला: व्हॉल्व्ह आणि पिपेट यांना जोडणारा सिलिकॉन नळीचा ४ सेंटिमीटरचा तुकडा. दोन झोतांच्या मधल्या वेळी पिपेटमधली वाफ मागेही पसरते. सिलिकॉन एस्टर पितो आणि नंतर सावकाश परत सोडतो. एथिल हेक्झानोएटची १:१०० पिपेट आदल्या दिवशी वीस मिनिटे जोडून ठेवली होती, तेवढ्यात काम झाले. तुकडा कापून नाकाशी धरला तर माणसालाही अननसाचा हलका वास येतो. ओआर२२ए ला तर तो भोंग्यासारखा ऐकू येणार.

बदल: सगळी जोडणी टेफ्लॉनची, फक्त बाहेरून आवळायला सिलिकॉनची कडी. पिपेट झोताआधी लावायची, झोतानंतर लगेच काढायची. क्रम नेहमी पातळकडून दाटकडे. दर तीन वासांनंतर एक कोरा झोत. एक पिपेट तीनपेक्षा जास्त वेळा नाही, कारण आतली वाफ दर झोताला कमी होते. काचनळी ॲसिटोनने धुऊन ओव्हनमध्ये वाळवली.

कोऱ्या झोताला आता ए पेशी ढिम्म.

२९ जानेवारी

एबी३, ए पेशी, एथिल हेक्झानोएट. मोजणीची व्याख्या: प्रतिसाद सुरू झाल्यापासूनच्या ५०० मिलिसेकंदांतले स्पाइक, उणे झोताआधीच्या ५०० मधले, गुणिले दोन.

स्वयंस्फूर्त दर सेकंदाला दहाच्या आगेमागे. १:१ कोटीला तेलापेक्षा वेगळे काही नाही. १:१० लाखला मोजका, पण दर वेळी येणारा प्रतिसाद. १:१ लाखला निःसंशय. १:१०,००० ला जोरदार. १:१,००० ला वर जायला जागा उरत नाही, दर सेकंदाला २०० च्या पुढे, आणि तिथेच मोजणीचा घोटाळा सुरू होतो.

घोटाळा असा. दर चढला की ए पेशीच्या स्पाइकची उंची उतरत जाते. पहिले चार-पाच स्पाइक उंच, पुढचे बुटके, मग ते बी च्या स्पाइकइतके दिसतात. उंचीवरून वर्ग पाडणारा प्रोग्रॅम त्यांना बी मध्ये ढकलतो, आणि ए चा आलेख दाट मात्रेला खाली वळतो. पडद्यावर हे सुंदर 'विसंवेदन' दिसते, पण ते प्रोग्रॅमचे आहे. या मात्रांना स्पाइक हाताने मोजले. जिथे हातानेही जमत नाही तिथे ए आणि बी यांची बेरीज दिली आणि तशी खूण केली.

दुसरी गोष्ट मोजणीची नव्हे, खरोखरची. २-हेप्टानोनचा सततचा मंद प्रवाह ठेवला तर बी पेशी एकसारखी चालू राहते. त्यावर एथिल हेक्झानोएटचा झोत दिला की ए पेटते आणि बी गप्प होते. या दोघींमध्ये सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींचा जोड, नाही. एकाच केसातल्या लसीकेत दोघींचे डेंड्राइट (पेशीच्या फांद्या) बुडालेले असल्यामुळे एकीच्या प्रवाहाने दुसरीच्या पटलावरचा विद्युतदाब बदलतो. २०१२ मध्ये हे एबी३ सकट अनेक केसांत दाखवले गेले आहे. म्हणून मिश्रणाच्या प्रयोगात 'हा वास त्या रिसेप्टरला अडवतो' असे लिहिण्याआधी शेजारीण काय करते ते पाहावे. रेणू अडवत नसेल, शेजारीण अडवत असेल.

२ फेब्रुवारी

ऑर्को म्युटंट. मोठ्या बेसिकॉनिक केसात सुई घातली, शांतता. एथिल हेक्झानोएट, मिथिल ॲसिटेट, २-हेप्टानोन: काही नाही. स्वयंस्फूर्त स्पाइकसुद्धा नाहीत.

पण शांत केस हा पुरावा नव्हे. वाकलेली सुई, सुकलेली स्पर्शिका, सुटलेली तार, या सगळ्यांचा आवाज असाच असतो. म्हणून या माशीत एबी१ शोधायचा. त्यातली सी पेशी ऑर्कोवर अवलंबून नाही. केस लागला की ए, बी, डी गायब, आणि श्वास सोडला की एकटी सी तडतडते. तीच सुई, तीच माशी, पुढचा केस पूर्ण शांत. आता शांततेला अर्थ आहे. दर माशीत किमान एक एबी१ सापडल्याशिवाय त्या माशीची नोंद धरायची नाही.

सीलोकॉनिक केसही पाहिले. ते बुटके, खड्ड्यात बसलेले, सुई बसवायला त्रासदायक. त्यांतल्या एसी३ प्रकारात ए पेशी आयआरची, ब्युटिरिक आम्लाला म्युटंटमध्येही ठीक प्रतिसाद. बी पेशीत ओआर३५ए, ती हेक्झानॉलला मूक. एकाच केसात एक पेशी बोलते आणि एक मुकी, याहून चांगला अंतर्गत कंट्रोल मिळणे कठीण.

निष्कर्ष किती ताणायचा, हेही लिहून ठेवावे. म्युटंट एवढेच सांगतो की ऑर्कोशिवाय ओआर पेशी चालत नाही. ऑर्को स्वतः आयनमार्गाचा भाग आहे हे यातून सिद्ध होत नाही, कारण ऑर्को नसेल तर ओआर प्रथिन डेंड्राइटच्या सिलियापर्यंत पोचतच नाही. पोचवणारा हमाल आणि वाहणारा मार्ग, दोन्ही कल्पनांत म्युटंट सारखाच शांत दिसेल. मार्गाची गोष्ट २००८ मध्ये परक्या पेशींत ओआर आणि ऑर्को एकत्र व्यक्त करून ठरली.

६ फेब्रुवारी

सरळ पंखांच्या माद्या, वय ६ ते ८ दिवस. एबी३ आता ओळखायचा कसा? नेहमीची खूण, म्हणजे एथिल हेक्झानोएटला ए पेशी, हीच काढून टाकली आहे. बी पेशी जागेवर आहे, म्हणून २-हेप्टानोनवरून केस पकडायचा.

कंट्रोल म्हणून ओआर२२ए-गॅल४ च्या साठ्यातल्या, यूएएस नसलेल्या सरळ पंखांच्या डेल्टा-हेलो माश्या: ए पेशी जवळपास मुकी, बी व्यवस्थित. यूएएस-ओआर८२ए असलेल्या माश्यांत ए पेशी जेरानिल ॲसिटेटला पेटते आणि एथिल हेक्झानोएटकडे ढुंकूनही पाहत नाही. पेशी तीच, लसीका तीच, केसाची भोके तीच. बदलला तो एक रिसेप्टर, आणि त्याच्याबरोबर पेशीचा आवडता वास. ओआर८२ए मूळचा एबी५ च्या ए पेशीतला, आणि सगळ्या ओआरांत अरुंद आवडीच्यांपैकी एक.

डेल्टा-हेलोबद्दल एक खबरदारी: गुणसूत्राचा कापलेला भाग ओआर२२ए आणि ओआर२२बी यांच्यापुरता नाही, आसपासची जनुकेही गेली आहेत. म्हणून तुलना कँटन-एसशी नाही, नेहमी डेल्टा-हेलो कंट्रोलशी.

७ फेब्रुवारी

कालच्या नोंदी डिटेक्टरशेजारी ठेवल्या. जेरानिल ॲसिटेटचा प्रतिसाद उशिरा सुरू होतो, मंद चढतो आणि झोतानंतर बराच वेळ चालतो. 'ओआर८२ए हा संथ रिसेप्टर' असे वाक्य कच्च्या मसुद्यात कोणीतरी लिहिलेही होते.

ते खोडले. जेरानिल ॲसिटेटचा बाष्पदाब इतका कमी आहे की रेणू पिपेटच्या आणि काचनळीच्या भिंतींना आधी चिकटतात, नंतर सुटतात. डिटेक्टरवर सिग्नल दुबळा आहे, पण त्याचा चढउतारही तसाच आळशी. किती मंदपणा नळीचा आणि किती रेणूचा, हे या मांडणीत सांगता येत नाही. संथ-चपळ ठरवायचे तर एकाच रिसेप्टरवर दोन वास, किंवा एकाच वासावर दोन रिसेप्टर तपासावे लागतील. वास आणि रिसेप्टर दोन्ही एकदम बदलून नाही.

भोक आणखी जवळ आणता येईल का ते पाहिले. २ सेंटिमीटरच्या आत आणले की वास नीट मिसळत नाही, त्याच मात्रेला कधी तिप्पट तर कधी शून्य. परत ४ वर.

१० फेब्रुवारी

मात्रेच्या मालिकेत आज मिथिल हेक्झानोएट आणि एथिल ब्युटिरेट जोडले. ओआर२२ए दोघांनाही बोलतो. एक-दोन कार्बन इकडेतिकडे झाले तरी त्याला फारसा फरक पडत नाही. कुलूप-किल्लीच्या चित्राला हे जुळत नाही. रचनेतून उलगडा असा:

माशीच्या ओआर प्रथिनाचे सात फेरे पटलातून जातात, पण सस्तन प्राण्यांच्या गंधग्राहींच्या उलट बाजूने: अमिनो टोक पेशीच्या आत (२००६). जी-प्रथिनाशी जोडलेल्या रिसेप्टरांचे हे नातेवाईक नव्हेत. ऑर्कोची रचना २०१८ मध्ये एका अंजीर-गांधीलमाशीच्या प्रथिनावरून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळाली: चार घटक, मधोमध एकच मार्ग. २०२१ मध्ये एमएचओआर५ ची रचना आली. हा रिसेप्टर एका उड्या मारणाऱ्या, पंख नसलेल्या आदिम कीटकाचा. तो ऑर्कोशिवाय चालतो. त्याच्या खिशात युजेनॉल (लवंगेच्या तेलातले) आणि डीईईटी (डास पळवणारे) हे अगदी वेगळे रेणू एकाच जागी बसलेले दिसले. खिसा पटलात खोल, मुख्यतः तेलकट भिंतींचा. रेणूला धरून ठेवणारे ठरावीक दिशेचे बंध जवळपास नाहीत. मोजक्या आकाराचा, पुरेसा तेलकट रेणू आत शिरला की मार्ग उघडतो. मग हेक्झानोएट मिथिल असो वा एथिल, खिशाला दोन्ही चालतात.

ओआर आणि ऑर्को एकत्र असलेल्या संकुलाची रचना २०२४ मध्ये डासांच्या रिसेप्टरांवरून आली: एक ओआर, तीन ऑर्को. चार दारांपैकी वास ओळखणारे दार एकच. मागच्या आठवड्याच्या मसुद्यातला 'दोन-दोन' असा आराखडा पुसला.

ओआर२२ए ची स्वतःची रचना डासाच्या किंवा त्या कीटकाच्या रचनेवरून ताणून सांगायची नाही. आपल्या नोंदींत फक्त आवडी मोजल्या आहेत, खिसा पाहिलेला नाही.

१३ फेब्रुवारी

गंध बांधणाऱ्या प्रथिनांबद्दल (ओबीपी) वारंवार प्रश्न येतो: तेलकट रेणू लसीकेतून पेशीपर्यंत तेच वाहून नेतात का? ट्रायकॉइड एटी१ मध्ये ११-सिस-व्हॅक्सेनिल ॲसिटेटसाठी लश हे प्रथिन लागते. पण एबी८ मध्ये मुबलक ओबीपी एकच, ओबीपी२८ए, आणि ते काढून टाकल्यावरही पेशी वासाला जोरदार प्रतिसाद देतात, हे २०१६ पासून माहीत आहे. 'सगळे ओबीपी वाहतूकदार' असा तक्ता भिंतीवर होता, तो काढला.

१६ फेब्रुवारी

पुढची चाचणी: व्हीयूएए१, ऑर्कोला थेट उघडणारा रेणू (२०११). वासासारखा फुंकून चालत नाही, तो उडतच नाही. टंगस्टनऐवजी काचेचा इलेक्ट्रोड, आत लसीकेसारखे क्षारद्रावण आणि त्यात डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला व्हीयूएए१. चांदीची तार ब्लीचमध्ये राखाडी होईपर्यंत ठेवायची, मग धुवायची. कंट्रोल दोन: नुसता डीएमएसओ त्याच प्रमाणात, आणि ऑर्को म्युटंट माशी.

काचेच्या टोकाचा व्यास २ मायक्रॉनच्या वर गेला की केस फाटतो. खाली गेला की डीएमएसओयुक्त द्रावण टोकाशी अडते आणि रोध चढतो. ओढणीयंत्राचे तीन कार्यक्रम करून पाहिले, तिसरा बरा. उद्या त्याच नळ्यांवर रोध मोजायचा, आणि जुना सिलिकॉनचा तुकडा, जो कुणीतरी पुन्हा खणात ठेवला आहे, तो कचऱ्यात टाकायचा.